शेवटून पहिला

खेळावरच्या सिनेमांचा साचा आता आपल्याला तोंडपाठ झालाय. आधी सगळे हसणार, मग खडूस पण आतून हळवा कोच भेटणार, पहाटे धावण्यावर एक गाणं आणि अगदी शेवटच्या सेकंदाला विजय. तरीही 'सत्य घटनेवर आधारित' ही पाटी दिसली की मी रुमाल हाताशी ठेवतो. सिनेमा संपला की लगेच मोबाइलवर शोध सुरू, यातलं खरं किती? बायको म्हणते, "रडून झालं ना? मग आता चौकशी कशाला?"

२०१६ साली आलेल्या 'एडी द ईगल'च्या बाबतीत मात्र ही चौकशी सिनेमापेक्षा जास्त रंगली.

मायकल एडवर्ड्स ऊर्फ एडी हा इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमचा. धंदा भिंतींना गिलावा करण्याचा. बर्फाच्या उतारावर बऱ्यापैकी स्कीइंग करायचा, पण १९८४च्या ऑलिंपिक संघात काही जागा मिळाली नाही. मग गड्याने व्यवहारी हिशेब केला. स्की जंपिंगमध्ये ब्रिटनतर्फे कुणीच उतरत नाही, शिवाय खर्चही कमी. रांगच नसेल तर नंबर लागणारच की!

आता स्की जंपिंग म्हणजे काय, तर उंच घसरगुंडीवरून सुसाट खाली यायचं, टोकाशी झेप घ्यायची आणि हवेत पुढे झुकून जमेल तितकं लांब जाऊन उतरायचं. यात माणूस काटकुळा हवा. एडी ८२ किलोंचा, त्याच्या खालोखाल वजनदार असलेल्या खेळाडूपेक्षाही नऊ किलोंनी जड! अमेरिकेत लेक प्लॅसिडला शिकायला गेला तेव्हा बूटही उसने. ते इतके मोठे, की पाय घट्ट बसावेत म्हणून आत मोज्यांचे सहा जोड चढवावे लागायचे. त्यात जाड भिंगांचा चष्मा, त्यावर गॉगल. वाफाळत्या चहाच्या कपात डोकावल्यावर आपला चष्मा होतो, तशा त्या काचा ऐन घसरगुंडीवर धूसर व्हायच्या. म्हणजे पुढची झेप रामभरोसे. पैसे वाचवायला फिनलंडमध्ये तो एका मनोरुग्णालयात राहायचा. पेशंट म्हणून नव्हे, स्वस्तात खोली मिळाली म्हणून. ऑलिंपिकला निवड झाल्याची बातमी त्याला तिथेच कळली. हौसेला मोल नसतं म्हणतात ते उगाच नाही.

एवढा ऐवज हाताशी असताना सिनेमावाल्यांनी काय करावं? एक दारूडा कोच घुसडला. ह्यू जॅकमनने तो झकास केलाय, वादच नाही, पण ते पात्र साफ काल्पनिक. एडीला शिकवणारी खरी माणसं होती, पण त्यांच्यात बहुधा पुरेसा मसाला नसावा. गुरूला आधी व्यसन आणि मग पश्चात्ताप दिल्याशिवाय पटकथा पुढे सरकतच नाही, असा काही नियम आहे का कोण जाणे.

१९८८ साली कॅनडात कॅलगरीला एडी ७० आणि ९० मीटर अशा दोन्ही प्रकारांत उतरला आणि दोन्हींत शेवटचा आला. फिनलंडच्या मॅटी न्यूकॅनेनने तिथे तीन सुवर्णपदकं पटकावली, पण लोकांनी डोक्यावर घेतलं ते एडीला. उडी मारून उतरला, दोन्ही पायांवर उभा राहिला, एवढ्यावर गडी हात हलवत नाचू लागायचा. समारोपाच्या भाषणात संयोजन समितीच्या प्रमुखांनी, काही जण तर गरुडासारखे उडाले, असा उल्लेख केला आणि सगळं स्टेडियम एडीच्या नावाने गरजलं.

हे सगळ्यांनाच रुचलं असं नाही. पुढे ऑलिंपिकवाल्यांनी नियम केला, की आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या ३० टक्क्यांत किंवा पहिल्या ५० जणांत आलेल्यालाच प्रवेश. त्या नियमाला लोक एडीच्याच नावाने ओळखतात. खरं सांगायचं तर नियम अगदीच चुकीचा म्हणवत नाही, तिथे मान मोडू शकते. पण एडीची वाट त्याने कायमची बंद झाली. पुढच्या तिन्ही हिवाळी ऑलिंपिकना त्याला जाता आलं नाही. मधे दिवाळंही निघालं. मग पठ्ठ्याने कॉलेजात जाऊन कायद्याची पदवी घेतली.

त्याआधी, १९९१ साली, एडीने चक्क फिनिश भाषेत एक गाणं गायलं होतं. फिनिशचा त्याला गंध नाही. आणि ज्या देशात स्की जंपिंगचे देव राहतात, त्या फिनलंडच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते दुसऱ्या नंबरवर गेलं. शेवटून नव्हे, वरून दुसऱ्या!