सरांचं पुढचं चाक

गुरुवारपासून ऊन नव्हतं. थंडीत नागपूरचं आभाळ इतकं निळं असतं की संत्र्यांचे ठेले लांबूनच उठून दिसतात, पण त्या आठवड्यात सगळं शहर राखेच्या रंगाचं झालं होतं. विदर्भात पौष-माघात असा पाऊस अधूनमधून येतोच. उत्तरेकडच्या पश्चिमी झंझावाताची शेपटी खाली सरकते, बंगालच्या उपसागरावरून दमट वारं येतं, दोघांची गाठ आपल्या डोक्यावर पडते आणि शेतात हरभरा उभा असलेल्यांच्या पोटात गोळा येतो. त्या शनिवारी माझ्याही पोटात आला होता. रविवारी पहाटे पाचला आमच्या सायकल गटातले पंधरा जण शहरातल्या झिरो माइलच्या खांबापासून लांबच्या फेरीला निघणार होते. पंधरावा मी.

रस्ता ठरलेला होता. कामठी रोडनं कन्हान, मग मनसर, देवलापार, खवासा, हद्द ओलांडून मध्य प्रदेशात कुरई, कुरईच्या पुढचा घाट चढायचा आणि वरून परत फिरायचं. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर. ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळात पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेरीत, दोनशेला साडेतेरा तास मिळतात, तीच मर्यादा आम्ही आमच्यासाठी ठेवली होती. फेरी रद्द करायची का, यावर आठवडाभर बोलणं झालं आणि शेवटी ठरलं की वीज आणि गारा असतील तर नाही, नुसता पाऊस असेल तर जायचं. माझी एकच अट होती. शनिवारी प्रत्येक सायकल माझ्या दुकानातून जाईल.

महालातलं हे दुकान माझ्या वडिलांचं. त्यांच्या वेळी तासाच्या भाड्यानं सायकली जायच्या. आता भाडं बंद झालं, दुरुस्ती उरली. शनिवारी सकाळी शटर उघडलं तेव्हा बाहेर सहा सायकली उभ्याच होत्या.

पावसात एकट्यानं चालवणं वेगळं आणि पंधरा जणांच्या रांगेत चालवणं वेगळं. एकट्याच्या सायकलीत काही कमी असेल तर त्रास त्याचा त्यालाच होतो. रांगेत तो मागच्याला होतो. मडगार्ड नसलं की मागच्या चाकावरचं पाणी उडून थेट मागच्या माणसाच्या तोंडावर जातं, आणि कामठी-कन्हानच्या पट्ट्यात ते नुसतं पाणी नसतं. त्या भागात कोळशाच्या खाणी आहेत, ट्रक दिवसरात्र चालतात, रस्त्याच्या कडेला काळी भुकटी साचलेली असते. पाऊस पडला की तिचा चिखल होतो. तो डोळ्यात गेला की माणूस एक हात सोडून डोळे चोळतो, आणि नेमकं त्याच वेळी पुढचा ब्रेक मारतो.

विमानतळाजवळच्या मिहानमध्ये, कंपन्यांच्या वसाहतीत, नोकरी करणारा एक तरुण कार्बनची सायकल घेऊन आला होता. म्हणाला, "भाऊ, मडगार्ड नको ना. रंग खराब होते अन् वजनही वाढते."

मी त्याच्याशी वाद घातला नाही. त्याची सायकल स्टँडवर चढवली, दुकानात हाताखाली असलेल्या पोट्ट्याला पॅडल फिरवायला लावलं आणि त्या तरुणाला चाकाच्या मागे सात-आठ फुटांवर उभं केलं. मग बादलीतलं गढूळ पाणी फिरत्या टायरवर ओतलं. छातीपासून केसांपर्यंत भिजला तो. मिनिटभर काही बोलला नाही, मग रुमालानं तोंड पुसत विचारलं, "माझ्या मागं कोण राहणार हाय उद्या?"

"सर," मी म्हटलं.

"लावून टाका."

त्याच्या फ्रेमला मडगार्डची भोकं नव्हती, म्हणून पट्ट्यांनी बांधायचं मडगार्ड बसवलं. पण मागचं मडगार्ड कितीही चांगलं असलं तरी ते फार वर संपतं. त्याच्या टोकाला फडका लागतो, रस्त्यापासून वीतभर उंचीवर येईल इतका. तसले विकत मिळाले नाहीत, म्हणून तेलाच्या रिकाम्या प्लास्टिक कॅन कापल्या आणि एकेक नटबोल्ट लावून पंधरा फडके केले. दुपारपर्यंत आम्ही तेच करत होतो. उद्याच्या सगळ्या तयारीत मला सर्वात मोलाचं काम हेच वाटलं.

बाकीची कामं भराभर उरकली. कोरड्या दिवसांसाठी मेण लावलेल्या चैनी धुऊन त्यांना पावसाळी, घट्ट तेल दिलं. दोघांनी शिलाई मशीनचं तेल घातलं होतं, ते पहिल्या तासातच धुऊन गेलं असतं. एका ताईंनी चैनीवर तेलाचा स्प्रे मारताना तो ब्रेकच्या डिस्कवरही उडवला होता. ब्रेक दाबला की नुसता किंचाळायचा, धरायचा नाही. डिस्क स्पिरिटनं पुसली, पॅड नवे टाकले आणि पोट्ट्याला गल्लीत वीस-पंचवीस वेळा जोरात चालवून ब्रेक मारायला लावलं, कारण नवे पॅड डिस्कवर बसल्याशिवाय नीट धरत नाहीत. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा थोडी कमी. पावसात पंक्चर जास्त होतात. ओल्या रबरात काच आणि गिट्टीची कपची सहज शिरते. म्हणून प्रत्येकाकडे दोन ट्यूब, पावडर लावून पिशवीत गुंडाळलेल्या. मागचे दिवे स्थिर ठेवायचे, लुकलुकते नाही. रांगेत मागच्याला लुकलुकत्या दिव्यावरून अंतर कळत नाही. सुती मोजे कोणी घालायचे नाहीत, लोकरीचे घालायचे. कोरड्या हातमोज्यांचा एक जोड दुधाच्या धुतलेल्या पिशवीत बांधून खिशात. आणि चहाला थांबलं तर दहा मिनिटांत निघायचं. ओल्या कपड्यांत अंग चालतं तोवर गरम असतं. बसलं की थंडी हाडात शिरते, बोटं ब्रेक ओढायला नकार देतात.

सर चार वाजता आले.

सर म्हणजे निवृत्त शिक्षक, वय अडुसष्ट. गटातले सगळ्यात वडील, आणि तयारी म्हणाल तर सगळ्यांत चोख. जुनी स्टीलची सायकल, दोन्ही मडगार्ड, मागच्याला चामड्याचा फडका आधीच लावलेला. लोकरीचे मोजे, बायकोनं विणलेली टोपी, खिशात औषधाच्या गोळ्यांची पुडी आणि घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. माझ्या यादीतलं सगळं त्यांच्याकडे होतं. म्हणाले, "बाबू, तू फक्त नजर टाक. माझं काही नाही."

मी पुढचं चाक उचलून फिरवलं. आउट नव्हता, म्हणजे चाक डगमगत नव्हतं, छर्रे गुळगुळीत. मग ब्रेक अगदी हलका धरून पुन्हा फिरवलं. चाकाच्या प्रत्येक फेरीला एका जागी बोटाला टुक् असं लागलं. पुन्हा धरलं, पुन्हा तिथंच लागलं. रिमच्या सांध्यावर असं होतं कधीकधी, पण सांधा व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला असतो, आणि हे व्हॉल्व्हपासून जेमतेम वीतभरावर होतं.

स्टीलची पट्टी घेऊन रिमच्या कडेवर आडवी धरली. पट्टीच्या मधोमध खालून उजेड दिसला. ब्रेकचे रबर जिथं घासतात तिथं रिम वाटीसारखी खोल गेली होती.

"सर, पावसाळ्यात कुठं चालवत होते जी तुम्ही?"

"खापरखेडा, कोराडी, सावनेर. रोज पहाटे. तिकडं रस्ता मोकळा असतो ना."

विजेच्या केंद्रांची राख आणि कोळशाची भुकटी, वर पावसाचं पाणी. ब्रेकच्या रबरात ही कच रुतून बसली की रबराची कानस होते आणि दर ब्रेकला रिमचं ॲल्युमिनियम खरवडून निघतं. ब्रेकच्या रबरांत बारीक चकचकीत कण अडकलेले होते. ते रिमचेच कण.

टायर काढला. रिमच्या कडेची जाडी नुसत्या व्हर्नियरनं, म्हणजे जाडी मोजायच्या चिमटापट्टीनं, मोजता येत नाही, कारण बाहेरून खोलगट आणि आतून टायर अडकायची कड असते. मी जुन्या आऱ्याचे दोन तुकडे घेतले, प्रत्येकी दोन मिलिमीटर जाड. एक बाहेरच्या खळग्यात, एक आतून, आणि दोन्हींवरून व्हर्नियर धरला. आलेल्या मापातून चार वजा करायचे. उरलं शून्य पॉइंट सात. एक मिलिमीटरच्या खाली गेलेली रिम मी चालवू देत नाही. ती कड ऐंशी पाउंडांची हवा धरून असते. घाट उतरताना त्यावर ब्रेकचा दाब येतो, आणि एकदा का फाटली की पुढचं चाक जागच्या जागी अडकतं. सरांच्या मागे आणखी सात-आठ जण उताराला लागलेले असणार होते.

"हे चाक उद्या जाणार नाही सर."

त्यांना आधी वाटलं मी रबरांबद्दल बोलतो आहे. मग कळलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला, आणि लगेच चढला. "अरे, कालच सत्तर किलोमीटर केले याच चाकावर! काही झालं नाही. तुला घाई आहे म्हणून सांगून राहिला काय?"

"नाही जी."

"मग हवा भर आणि दे. माझी सायकल आहे."

दुकानात सहा-सात जण होते, सगळे गप्प. पोट्टा माझ्याकडे बघत होता. सरांनी मला काही शिकवलेलं नाही, पण माझ्यापेक्षा वयानं पंचवीस वर्षांनी मोठ्या माणसाला त्याचीच सायकल द्यायला नकार देणं मला जड गेलं. तरी मी टायर परत चढवला नाही. म्हटलं, "सायकल तुमचीच आहे सर. पण हे चाक मी माझ्या हातानं बसवून देणार नाही. हवं तर असंच घेऊन जा."

ते बाकावर बसले. तीन महिने या फेरीची तयारी करत होते. बराच वेळ हातातल्या टोपीची किनार चाचपत राहिले.

अडचण अशी की त्यांचं चाक सत्तावीस इंची. तसली रिम आता सहजी मिळत नाही आणि शनिवारी संध्याकाळी तर नाहीच. सत्तावीस इंच आणि सातशे सी ही नावं ऐकून एकच माप वाटतं, पण टायर जिथं बसतो तो व्यास एकाचा ६३० मिलिमीटर, दुसऱ्याचा ६२२. म्हणजे सातशेचं चाक लावलं तर ब्रेकचे रबर दोन्हीकडे चार मिलिमीटर खाली यायला हवेत. ब्रेकच्या भुजेतली खाच तेवढी लांब असेल तर जमतं. नसेल तर खाच कानशीनं वाढवणारे लोक आहेत; मी ते करत नाही.

माझ्या सायकलचं पुढचं चाक सातशेचं होतं, दिवाळीत मीच विणलेलं, छत्तीस आऱ्यांचं. काढलं, त्यांच्या चिमट्यात बसवलं. हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याची, रुंदी जुळली. ब्रेकच्या नटी सैल करून रबर खाली ओढले. खाच जिथं संपते तिथं रबराची वरची कड रिमच्या कडेखाली अर्धा मिलिमीटर गेली. पुरेसं होतं. टायरला घासत नव्हतं. नवे रबर टाकले, थोडे पुढून आत वळवले, ब्रेक जोरात पाच वेळा दाबून केबल ताणली, पुन्हा नट आवळले. चाक लहान झाल्यामुळे मडगार्डमधली जागाही वाढली, चिखल अडकणार नाही इतकी.

सरांनी विचारलं, "आणि तू?"

"चौदा जण तर चौदा. दुकानात फोनजवळ कोणी लागेलच."

ते काही बोलले नाहीत. सायकल हातानं ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत गेले, तिथं बसले, ब्रेक मारला, परत आले, पुन्हा मारला. मग हात वर करून निघून गेले.

पहाटे मी झिरो माइलला गेलो. पाऊस बारीक, पण थांबणारा नव्हता. चौदा लाल दिवे कामठी रोडकडे वळले आणि दिसेनासे झाले.

रविवारी दुकान बंद असतं. मी अर्धं शटर उघडून आत बसलो. रात्रभर एक गोष्ट डोक्यात होती. मी एका माणसाला चारचौघांत अडवलं ते माझ्या बोटाला लागलेल्या टुक् वर आणि व्हर्नियरच्या एका आकड्यावर. आकडा चुकला असेल तर? जुनं चाक काढलं, टायर चढवला, लोखंडी ड्रममध्ये ठेवून वर ओली पोती टाकली आणि भिंतीमागून कॉम्प्रेसरनं हवा भरली. ऐंशी. नव्वद. शंभर. काही झालं नाही. दहा मिनिटं थांबलो, काहीच नाही.

मग हवा सोडली, आरे कापले आणि जिथं बोटाला लागत होतं तिथं हॅकसॉनं रिम आडवी कापली. टुक् लागत होतं तो फुगवटा होता. पातळ झालेली कड हवेच्या दाबानं तिथं बाहेर आली होती. आणि आतल्या बाजूला, खळग्याच्या तळाशी, केसासारखी बारीक चीर. बोटभर लांब. तुकडा नखानं दाबला तर कड वाकत होती.

बारा वाजता फोन आला. घाट उतरून सगळे कुरईला पोहोचले होते, एका ताईंची ट्यूब गेली होती, बाकी ठीक. मागून सरांचा आवाज ऐकू आला, चहा सांगत होते.

साडेसहाला अकरा जण माझ्या दुकानासमोर उभे होते, ओठ निळे, पाय काळे. तिघे मनसरहून गाडीत आले, थंडीनं त्यांची बोटं बधिर झाली होती. मी सगळ्यांना आधी आत घेतलं, शेगडी लावली. सायकली बाहेरच ठेवल्या. धुतल्यावर नालीतून बराच वेळ काळं पाणी वाहत राहिलं.

सरांच्या हातात मी रिमचा तो तुकडा दिला. त्यांनी चष्मा पुसला, दिव्याखाली धरून चीर पाहिली, कडेवरून अंगठा फिरवला. तुकडा खिशात टाकला.

"मागचंही मोजलंस का?"

"मोजलं जी. एक पॉइंट तीन. तुम्ही पुढचाच ब्रेक जास्त धरता."

"म्हणजे किती दिवस?"

"एक पावसाळा. दुसरा नाही."

"मग दोन्ही कर," ते म्हणाले आणि शेगडीकडे हात पुढे केले. मी आऱ्यांच्या लांबीसाठी जुन्या हबचं माप घ्यायला बसलो.