'जिवंत नाही'च्या चौकटीतली खूण

सूक्ष्मजीव कुठला, कोणाचा, ते सांगणार नाही. पेटंटसाठी आमच्या संग्रहात काय ठेवलंय, यावर बाहेर बोलायचं नसतं.

1977 च्या बुडापेस्ट करारामुळे मान्यताप्राप्त संग्रहात पेटंटसाठी एकदा सूक्ष्मजीवाची ठेव केली की ती सगळ्या सदस्य देशांत चालते. आम्ही ती किमान 30 वर्षं सांभाळतो. पेटंट साधारण 20 वर्षांत संपतं, म्हणजे जीव त्याच्याहून जास्त जगायला हवा. आणि ठेव आली की तो जिवंत आहे का, हे लगेच तपासायचं. ते माझं काम.

ही ठेव फ्रीझ-ड्राय, म्हणजे गोठवून सुकवून, आली होती. अँप्युलवर, म्हणजे बंद काचनळीवर, कानशीने चर पाडायची, टोक ज्योतीवर तापवायचं, वर पाण्याचा थेंब सोडायचा, काच तडकते. आत चिमूटभर पांढरी भुकटी. त्यात अर्धा मिलिलिटर ब्रॉथ (द्रवरूप खाद्य), मग किमान अर्धा तास काहीही करायचं नाही. नवशिके इथेच घाई करतात. सुकवलेल्या पेशी आधीच अर्धमेल्या असतात.

अर्जात वाढीच्या अटी लिहाव्याच लागतात. तिथे होतं: 'न्यूट्रिअंट अगर, 37 अंश'. अगर म्हणजे प्लेटमधलं जेलीसारखं खाद्य. हे अर्ज बहुतेकदा वकील भरतात, त्यांना जीव म्हणजे पावतीवरचा क्रमांक. रकाना भरलेला दिसला, आमच्या स्वागतकक्षाने अर्ज घेतला.

त्याच अटींवर लावलं. दोन दिवसांनी प्लेट कोरी, काहीच वाढलं नाही. सातव्या दिवशीही कोरी. दुसरी अँप्युल फोडली, तेच. बीपी/9 वर, म्हणजे जीव जिवंत आहे की नाही याच्या दाखल्यावर, 'आता जिवंत नाही'च्या चौकटीत खूण केली, सही केली.

चार दिवसांनी फोन आला. वकिलाचा नाही, ज्या मुलीने तो जीव वेगळा केला होता तिचा. "सर, कमी ऑक्सिजनमध्ये ठेवला होता ना?"

"अर्जात कुठे आहे तसं?"

"आमच्या लॅबमध्ये सगळ्यांना माहीत आहे."

ठेवीदाराने पुन्हा चाचणी मागितली. या वेळी कमी ऑक्सिजनच्या जारमध्ये. पाचव्या दिवशी टाचणीच्या टोकाएवढ्या वसाहती. जिवंत! नवा दाखला दिला. त्यांचा पेटंट अर्ज पावती मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी गेला होता, त्यामुळे तिकडे सगळ्यांनी सुस्कारा सोडला.

मी नाही सोडला. ठेव पुढे कधी मेली, तर कळवल्यापासून तीन महिन्यांत तोच जीव पुन्हा ठेवून मूळ तारीख राखता येते. पण कराराच्या कलम 4 ची अट अशी, की आधीचे सगळे दाखले 'जिवंत' म्हणणारे हवेत. सगळे. इथे पहिलाच, 'जिवंत नाही' म्हणणारा, माझा आहे, आणि तो फाईलमधून काढता येत नाही.

अर्जातल्या अटींप्रमाणे चाचणी केली, चूक कुणी काढलीही नाही. पण दोन कोऱ्या प्लेटींनंतर सही करण्याआधी मी एक फोन का केला नाही? कराराने कुठे अडवलं होतं? उरलेल्या अँप्युल फ्रीझरमध्ये आहेत. कप्पा उघडला की माझी नजर आधी त्यांच्याकडे जाते.