बारावीचं केमिस्ट्री प्रॅक्टिकल: रीडिंग चुकतं ते कुठे आणि का

बारावी सायन्सला केमिस्ट्रीच्या १०० गुणांपैकी ३० प्रॅक्टिकलचे असतात. ते कॉलेजच्या हातात आहेत, म्हणजे मिळणारच, ही समजूत अकरावीच्या प्रवेशाबरोबरच घरात येते. क्लासशी हातमिळवणी केलेल्या कितीतरी कॉलेजांत जानेवारी उजाडेपर्यंत मुलं लॅबमध्ये पाऊल टाकत नाहीत. मग आठवडाभरात सगळे प्रयोग उरकायचे आणि जर्नल एकमेकांचं बघून भरायचं. गुण तरीही मिळतात. पण अकरावीचा रेडॉक्स आणि बारावीचा आयॉनिक इक्विलिब्रिया हे धडे जिथे डोळ्यांनी दिसतात ती जागा हातची जाते, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं. ज्यांना केवळ प्रवेश परीक्षेची काळजी आहे त्यांनी एवढं तरी पाहावं: जेईई मेन आणि नीट या दोन्हींच्या अभ्यासक्रमात प्रॅक्टिकल केमिस्ट्रीचं वेगळं युनिट आहे. ऑक्झॅलिक अ‍ॅसिड आणि मोहर सॉल्टचं (फेरस अमोनियम सल्फेट) परमँगनेटशी टायट्रेशन, म्हणजे तीव्रता माहीत असलेल्या द्रावणाने दुसऱ्याची तीव्रता मोजणं, त्यात नावानिशी दिलेलं आहे.

या टायट्रेशनपासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त रीडिंग इथेच बिघडतात.

आधी द्रावण. ०.०५ मोलर (लिटरमागे ०.०५ मोल) ऑक्झॅलिक अ‍ॅसिड २५० मिली करायचं तर १.५७५ ग्रॅम स्फटिक लागतात. यात रेणुभार १२६ धरला आहे, कारण बाटलीतल्या स्फटिकांत प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दोन रेणू असतात. पुष्कळ मुलं ९० धरून १.१२५ ग्रॅम तोलतात. मग द्रावण जेमतेम ०.०३६ मोलर होतं आणि जिथे १० मिली यायला हवेत तिथे ७.१ वर रंग येतो. स्फटिक बीकरमध्ये थोड्या पाण्यात पूर्ण विरघळवा, फनेलमधून व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये घ्या, बीकर दोन-तीनदा धुऊन ते पाणीही फ्लास्कमध्येच टाका. खुणेपर्यंतचं शेवटचं पाणी ड्रॉपरने थेंबाथेंबाने घाला. त्यानंतर बूच लावून फ्लास्क दहा-पंधरा वेळा उलटसुलट करायचा. ही शेवटची पायरी घाईत राहून जाते. मग तळाशी दाट आणि वर पातळ असं द्रावण राहतं आणि प्रत्येक वेळी वेगळं रीडिंग येतं.

परमँगनेटचं अचूक द्रावण थेट तोलून का करत नाहीत, हा तोंडी परीक्षेतला आवडता प्रश्न. पोटॅशियम परमँगनेट पूर्ण शुद्ध मिळत नाही, त्यात थोडा मँगनीज डायऑक्साइड असतोच. शिवाय पाण्यातल्या सेंद्रिय अंशांशी त्याची क्रिया होते आणि द्रावणाची तीव्रता हळूहळू घटते. म्हणून तीव्रता माहीत असलेलं द्रावण ऑक्झॅलिकचं, आणि शोधायची ती परमँगनेटची.

काय कशाने धुवायचं, हे पाठ करू नका. मोल मोजा, उत्तर आपोआप मिळतं. ब्युरेट (परमँगनेट सोडायची खुणांची, तोटीची नळी) पाण्याने धुऊन तसंच भरलं तर आतल्या थेंबांनी परमँगनेट पातळ होतं आणि रीडिंग वाढतं. पिपेट (ऑक्झॅलिक मोजून घ्यायची नळी) ओलं असेल तर ऑक्झॅलिक पातळ होतं, रीडिंग घटतं. म्हणून दोन्ही आपापल्या द्रावणाने खंगाळायची. कॉनिकल फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड वॉटरने. त्यात पाणी राहिलं तरी पिपेटने सोडलेले ऑक्झॅलिकचे मोल तेवढेच राहतात. फ्लास्क जर ऑक्झॅलिकने खंगाळला तर भिंतीला चिकटलेले जास्तीचे मोल मोजणीत शिरतात.

पिपेट रिकामं झाल्यावर टोकाशी उरलेला थेंब फुंकायचा नाही. टोक फ्लास्कच्या भिंतीला टेकवून काही सेकंद धरा, बस. तो उरलेला थेंब धरूनच पिपेटवरची खूण केलेली असते. पिपेट भरायला रबरी बल्ब वापरा. ऑक्झॅलिक अ‍ॅसिड विषारी आहे, ते तोंडाने ओढायचं नाही.

ब्युरेट काचेच्या किंवा टेफ्लॉनच्या तोटीचंच घ्या. रबरी नळी आणि पिंचकॉक असलेलं ब्युरेट परमँगनेटला चालत नाही, कारण परमँगनेट रबराला खातं. भरल्यावर तोटीखालच्या नळीत हवेचा बुडबुडा अडकला आहे का ते बघा. तोटी झटक्यात पूर्ण उघडली की तो निघून जातो. तो टायट्रेशनच्या मध्येच निघाला तर त्याची जागा भरायला गेलेलं द्रावण तुमच्या रीडिंगमध्ये जमा होतं. वरचं फनेलही काढून ठेवा, त्यातून एखादा थेंब नंतर टपकतो. परमँगनेटचा रंग इतका गडद असतो की खालची वक्र कड दिसत नाही, म्हणून वरची कड वाचायची. सुरुवातीला आणि शेवटी एकाच कडेवरून, डोळा त्याच पातळीला ठेवून वाचलंत तर फरक बरोबरच येतो. घोटाळा होतो तो मध्येच कड बदलल्यावर.

आता प्रत्यक्ष क्रिया. १० मिली ऑक्झॅलिक, त्यात टेस्ट ट्यूबभर पातळ सल्फ्युरिक अ‍ॅसिड, आणि ६० ते ७० अंश सेल्सियसपर्यंत गरम करायचं. अ‍ॅसिड सल्फ्युरिकच का? हायड्रोक्लोरिक घातलं तर परमँगनेट त्यातल्या क्लोराइडचंही ऑक्सिडेशन करून क्लोरीन सोडतं, म्हणजे खर्च वाढतो आणि रीडिंग जास्त येतं. नायट्रिक स्वतःच ऑक्सिडायझिंग एजंट आहे, परमँगनेटचं थोडं काम तेच करतं आणि रीडिंग कमी येतं. अ‍ॅसिड कमी पडलं तर फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळपणा येतो. तो मँगनीज डायऑक्साइड. परमँगनेटने पाचऐवजी तीनच इलेक्ट्रॉन घेतले, हिशोब मोडला. तपकिरी दिसताच ते रीडिंग सोडून द्या आणि फ्लास्क धुऊन पुन्हा सुरू करा. वरून अ‍ॅसिड घालून ते सावरायला जाऊ नका.

गरम द्रावणातही पहिल्या एक-दोन थेंबांचा रंग जायला वेळ लागतो. इथे धीर सुटतो. रंग गेला नाही म्हणून एंड पॉइंट (क्रिया पूर्ण झाल्याची खूण) आला असं कुणी समजतं, तर कुणी भराभर परमँगनेट सोडतं आणि तपकिरी करून बसतं. या क्रियेत तयार होणारे मँगनस आयनच तिचे कॅटलिस्ट असतात. ते तयार होईपर्यंत क्रिया रेंगाळते, एकदा झाले की थेंब पडताक्षणी रंग उडतो. पुस्तकात ऑटोकॅटलिसिसची व्याख्या दोन ओळींची आहे. फ्लास्कमध्ये ती अर्ध्या मिनिटात दिसते. पहिला थेंब टाका, फ्लास्क फिरवत राहा, रंग जाऊ द्या, मग पुढे. द्रावण उकळू मात्र देऊ नका, फार तापवलं तर ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचंच विघटन होऊ लागतं. आणि मध्ये जास्त गार झालं तर पुन्हा थोडं गरम करून घ्या.

एंड पॉइंट म्हणजे फिकट गुलाबी. जांभळा नव्हे. फ्लास्कखाली पांढरा कागद किंवा टाइल ठेवा, आणि तो फिकट रंग ढवळल्यावरही ३० सेकंद टिकला की वाचा. त्यानंतर काही मिनिटांनी तो उडाला तरी घाबरून आणखी थेंब टाकू नका. जास्तीचं परमँगनेट मँगनस आयनांशी आणि हवेतल्या धुळीशी सावकाश क्रिया करत असतं. एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा. १० मिलीच्या रीडिंगमध्ये दोन थेंब जास्त पडले की एक टक्का चूक झाली.

आधी अंदाजासाठी पायलट रीडिंग घ्यायचं. समजा रंग १० आणि ११ च्या मध्ये कुठेतरी आला. पुढच्या वेळी ९ पर्यंत धारेने सोडा आणि तिथून थेंब-थेंब. ओळीने जुळणारी रीडिंग आली की तो तुमचा सीबीआर (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग). ९.८, १०.३, १०.० असं आलं तर मधलं निवडून सीबीआर म्हणून लिहिणं ही फसवणूक आहे, आणि सरावलेल्या एक्सटर्नल परीक्षकाच्या ती लक्षात येते. चौथं रीडिंग घ्यायला पाच मिनिटं लागतात.

गणितात परमँगनेटच्या मोलॅरिटी आणि आकारमानाच्या गुणाकाराला ५ ने गुणायचं, ऑक्झॅलिकच्या गुणाकाराला २ ने. ०.०५ मोलरचे १० मिली आणि ०.०२ मोलर परमँगनेट घेतलं तर बरोबर १० मिली लागतं. मोहर सॉल्टसाठी ५ आणि १; ०.१ मोलरचे १० मिली घेतले तरी ०.०२ मोलर परमँगनेट तेवढंच लागतं. ५ आणि २ उलटे घातल्याने जितके गुण गेलेत तितके ब्युरेटमुळे गेले नसतील. समीकरण आधी लिहा, आकडे मग भरा.

मोहर सॉल्टचं टायट्रेशन गरम करायचं नाही. फेरस आयन हवेतच फेरिक होतात, उष्णतेने आणखी लवकर, आणि मग रीडिंग कमी येतं. ०.१ मोलरच्या २५० मिलीसाठी ९.८ ग्रॅम घ्या आणि ते पातळ सल्फ्युरिक अ‍ॅसिड घातलेल्या पाण्यातच विरघळवा, नुसत्या पाण्यात हायड्रोलिसिस होऊन द्रावण गढूळ होतं. साध्या फेरस सल्फेटऐवजी हा दुहेरी क्षार घेतात तो हवेत जास्त टिकतो म्हणून. कार्ल फ्रीडरिश मोहर हे जर्मन फार्मासिस्ट. टायट्रेशनच्या पद्धती नीट बसवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

सॉल्ट अ‍ॅनालिसिसकडे, म्हणजे अनोळखी क्षारातले आयन ओळखण्याकडे वळू. इथली चूक बहुधा हाताची नसते, क्रमाची असते.

अमोनियमची परीक्षा सगळ्यात आधी, मूळ क्षारावर. सोडियम हायड्रॉक्साइड घालून गरम करा, वास घ्या, हायड्रोक्लोरिकमध्ये बुडवलेली काचेची कांडी तोंडाशी धरून पांढरा धूर येतो का बघा. पुढे धातूंच्या आयनांचे गट वेगळे करताना आपण स्वतःच अमोनियम क्लोराइड आणि अमोनियम हायड्रॉक्साइड घालतो. नंतर केलेल्या परीक्षेत प्रत्येक क्षारात अमोनियम सापडेल.

दुसऱ्या गटासाठी अ‍ॅसिडयुक्त द्रावणात एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड वायू) सोडतात. अ‍ॅसिडमुळे सल्फाइड आयन इतके कमी राहतात की फक्त अत्यंत कमी सोल्युबिलिटी प्रॉडक्ट असलेली कॉपर, लेड यांचीच सल्फाइड खाली बसतात. झिंक, मँगनीज, निकेल, कोबाल्ट द्रावणातच राहतात. पाठ्यपुस्तकातला कॉमन आयन इफेक्ट तो हाच. लेड पहिल्या गटातही सापडतं आणि दुसऱ्यातही, कारण लेड क्लोराइड पाण्यात थोडं विरघळतं. पहिल्या गटाचा साका (खाली बसलेला घन पदार्थ) गरम पाण्यात विरघळला आणि पोटॅशियम आयोडाइडने पिवळा झाला तर लेड नक्की. एचटूएस विषारी आहे. तो तयार करायचं किप्स अ‍ॅपरेटस खिडकीशी किंवा फ्यूम कपबोर्डमध्येच असावं, आणि वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असं मानू नका, हा वायू नाकाची संवेदनाच बधिर करतो.

तिसऱ्या गटाकडे जाण्यापूर्वीच्या दोन पायऱ्या सर्रास गाळल्या जातात. पहिली, द्रावण उकळून एचटूएस पूर्ण घालवणं. ते राहिलं तर अमोनियम हायड्रॉक्साइड घालताच सल्फाइड आयन वाढतात आणि झिंक-निकेलची सल्फाइड आधीच खाली येतात. लेड अ‍ॅसिटेटचा कागद वाफेवर धरा. काळा झाला तर अजून उकळा. दुसरी, संहत नायट्रिक अ‍ॅसिडचे काही थेंब घालून पुन्हा उकळणं. एचटूएसने फेरिकचं फेरस केलेलं असतं, आणि फेरस या गटात पूर्ण खाली बसत नाही. मग अमोनियम क्लोराइड आधी आणि भरपूर, अमोनियम हायड्रॉक्साइड नंतर. क्रम उलटला तर हायड्रॉक्सिल आयनांवर लगाम राहत नाही आणि मॅग्नेशियम, मँगनीजही खाली येऊन लोह-अ‍ॅल्युमिनियमच्या साक्यात मिसळतात.

बेरियम, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियम याच क्रमाने तपासा. कार्बोनेटचा साका अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये विरघळवून आधी पोटॅशियम क्रोमेट: पिवळा साका आला तर बेरियम. नाही तर ताज्या भागावर अमोनियम सल्फेट, स्ट्रॉन्शियमचा पांढरा साका. तोही नाही तर अमोनियम ऑक्झॅलेट, कॅल्शियमचा पांढरा. ऑक्झॅलेट आधी घातलं तर बेरियम आणि स्ट्रॉन्शियमही पांढरे बसू शकतात आणि तिघांत फरक कळत नाही.

अ‍ॅनायनमध्ये (ऋण आयन) नायट्रेटची ब्राऊन रिंग परीक्षा सर्वांत जास्त फसते, आणि कारण बहुतेक वेळा बाटलीत असतं. फेरस सल्फेटचं द्रावण त्याच दिवशी केलेलं हवं. रंग हिरवट असेल तर वापरा, पिवळसर झालं असेल तर ते फेरिक झालं आहे. संहत सल्फ्युरिक टेस्ट ट्यूबच्या भिंतीवरून सावकाश सोडा आणि ट्यूब हलवू नका, नाहीतर दोन थर मिसळतात आणि कडं दिसायच्या आत मोडतं. क्लोराइडच्या क्रोमिल क्लोराइड परीक्षेसाठी ट्यूब कोरडी हवी आणि क्षार घनच हवा. पाण्याच्या अंशानेही ती तांबूस वाफ विघटित होते. कार्बोनेटच्या परीक्षेत चुन्याचं पाणी दुधाळ झालं की नळी काढा. वायू जास्त वेळ सोडला तर कॅल्शियम बायकार्बोनेट होऊन पाणी पुन्हा नितळ होतं. आणि सल्फाइटमधून येणारा सल्फर डायऑक्साइडही ते दुधाळ करतो, म्हणून शंका असेल तर डायक्रोमेटचा कागद धरा. तो हिरवा झाला तर वायू कार्बन डायऑक्साइड नाही.

लॅब सोडण्याआधी ब्युरेट रिकामं करून धुवा. परमँगनेट आत वाळलं की मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी थर बसतो आणि तोटी अडकते. साबणाने तो जात नाही. उरलेलं ऑक्झॅलिक अ‍ॅसिड आणि थोडं पातळ सल्फ्युरिक घालून काही वेळ ठेवलं की डाग निघतो.