आईच्या डोळ्यांच्या मापानं

"मंत्र्यांनी व्यक्त केली खत? हे काय लिहिलंय रे?" आईनं फोन माझ्यापुढे धरला. शब्द 'खंत' होता, अनुस्वार तिला दिसलाच नव्हता. तिला मॅक्युलर डीजनरेशन आहे, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाची झीज. चष्म्याचा नंबर बदलून उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. पण रोज चहाबरोबर पेपर वाचणारी ती, बातम्या कशा सोडणार?

आधी मी फोनमधली अक्षरं मोठी केली. मेसेज वाचता यायला लागले, बातम्यांच्या वेबसाइटवर फारसा फरक नाही. मग दोन बोटांनी पान मोठं करायला शिकवलं. अक्षर वाढलं, पण ओळ स्क्रीनबाहेर गेली. दर दोन शब्दांनी पान सरकवायचं आणि परत येताना ओळच चुकायची. पाच मिनिटांत तिनं फोन बाजूला ठेवला. पेन्शनच्या वेबसाइटवर तर पान मोठंच होईना, करणाऱ्यांनी ती सोयच बंद करून ठेवलेली. याचा मला मनापासून राग येतो. मजकूर 200 टक्क्यांपर्यंत मोठा करता आला पाहिजे, असं वेबसाइटसाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांतच आहे.

वाट सापडली ती क्रोमच्या सेटिंग्जमध्ये, अ‍ॅक्सेसिबिलिटीखाली. तिथं झूमची टक्केवारी एकदा ठरवली की सगळ्या साइट तशा उघडतात आणि बहुतेक ठिकाणी ओळी स्क्रीनच्या रुंदीतच बसतात. साइटनं झूम अडवलं असलं तरी ते चालू करायचा पर्यायही तिथंच आहे. मी उत्साहानं थेट 200 केलं. आई म्हणाली, "अरे, ओळीत दोनच शब्द राहिले. वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरते मी." मग फोन तिच्याच हातात दिला. 150 कमी पडलं, 175 वर ती थांबली.

रंगाचंही तसंच. पांढऱ्या पानाची तिला तिरीप यायची, म्हणून मी काळ्यावर पांढरी अक्षरं सुचवली. रात्री तिला ती बरी वाटली, दिवसा नाही. लांब लेखांसाठी फायरफॉक्स या दुसऱ्या ब्राउझरचा रीडर व्ह्यू दाखवला. जाहिराती जातात, मजकूर तेवढा उरतो. त्यात तिनं पिवळसर पान निवडलं.

आता बातम्या ती एकटी वाचते. पेन्शनचा फॉर्म मात्र अजून मी घरी जाईन त्या रविवारपर्यंत थांबतो. पान मोठं होतं, पण रकान्यांची नावं इतक्या फिकट राखाडी रंगात आहेत, की ती तिला कुठल्याच मापात दिसत नाहीत.