रुळावरून येणारं वाढप

पाण्याखाली बसून जेवायचं, तर बघायचं कुठे? ताटात की काचेबाहेर? मालदीवमध्ये २००५ पासून ‘इथा’ नावाचं रेस्टॉरंट समुद्राच्या पोटात पाच मीटर खोल आहे. डोक्यावर पारदर्शक ॲक्रिलिकची कमान, तिच्यावरून मासे पोहतायत आणि खाली आपण बहुधा त्यांचेच भाऊबंद खातोय. मला तरी घास उतरायचा नाही. झांझिबारचं ‘द रॉक’ समुद्रातल्या एका खडकावर आहे. ओहोटी असली तर चालत जा, भरती असली तर होडीने. फिलिपिन्समध्ये व्हिला एस्कुदेरोत धरणाच्या सांडव्यासमोर, वाहत्या पाण्यात पाय सोडून जेवतात. फोटो झकास येतात, पण पदार्थाला त्या पाण्याचं सोयरसुतक नसतं. त्यापेक्षा स्पेनच्या लान्झारोते बेटावरचं ‘एल दियाब्लो’ मला पटतं. तिथे जमिनीतून येणाऱ्या ज्वालामुखीच्या धगीवर चक्क मांस भाजतात. जागा निदान स्वयंपाकाला हातभार लावते.

माझा खरा जीव मात्र वाढप्यांत अडकलाय. त्याला कारण आमचं ग्वाल्हेर.

जयविलास राजवाड्याच्या संग्रहालयात मेजवानीच्या लांबलचक टेबलावर रूळ टाकलेले आहेत आणि त्यांवर चांदीची आगगाडी उभी आहे. पाहुणे आले की आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले लोक त्यांना आधी तिथेच नेतो, झुंबरं नंतर. डब्यांमध्ये काचेची नक्षीदार भांडी. जेवणं उरकली की ही गाडी ब्रँडी आणि सिगार घेऊन पाहुण्यांसमोरून फिरायची. आपल्यासमोर आली की भांडं उचलायचं, गाडी आपोआप थांबायची. परत ठेवलं की चालू. ग्वाल्हेरचे संस्थानिक माधवराव शिंदे महाराज यांना रेल्वेचं वेडच होतं. त्यांच्या संस्थानाची दोन फुटी नॅरो गेज गाडी ग्वाल्हेरहून श्योपूरपर्यंत २०२० पर्यंत धावत होती, छपरावरच्या माणसांसकट. टेबलावरची गाडी त्यामानाने फारच शिस्तीची.

या गाडीचा एक किस्सा ऐकवतात. खरा-खोटा देव जाणे. कळ यजमानांच्या हाताशी असायची आणि एखाद्यावर मर्जी नसली की गाडी त्याच्यासमोरून न थांबता सुळकन पुढे जायची. बिचारा हात पुढे करून बसलेला!

जपानमध्ये असला पक्षपात चालायचा नाही. योशिआकी शिराइशी या गृहस्थांना सुशीच्या दुकानात माणसं पुरेनात. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या बघून त्यांना युक्ती सुचली आणि १९५८ मध्ये ओसाकाला पहिलं फिरतं सुशी-दुकान निघालं. पट्ट्याचा वेग सेकंदाला साधारण आठ सेंटिमीटर. जास्त ठेवला तर सुशी सुकते आणि उडण्याची भीती, कमी ठेवला तर गिऱ्हाईक कंटाळतं. शेवटी रिकाम्या बशा मोजून बिल. जर्मनीत न्युरेंबर्गच्या ‘बॅगर्स’मध्ये तर स्वयंपाकघरच वर आहे. तिथून भांडी धातूच्या वळणदार रुळांवरून घरंगळत थेट आपल्या टेबलावर येतात. पट्ट्याला काय, रुळाला काय, समोर जावई बसलाय की जावयाचा ड्रायव्हर, याच्याशी देणंघेणं नाही.

आणि इथेच माझं मन कच खातं. आमच्या पंगतीतला वाढपी त्या चांदीच्या गाडीच्याच घराण्यातला. श्रीखंडाचं पातेलं घेऊन पुतण्या ओळीने येतो. अनोळखी पानांत डाव नुसता टेकवतो, मामेसासऱ्यांच्या पानात मात्र “अहो, एवढंसंच” म्हणत भरला डाव उलटा करतो. ते दोन्ही हात पानावर आडवे धरतात आणि बोटांच्या फटीतून श्रीखंड बरोबर आत जातं. शेजारचा नुसताच “वा” म्हणतो. मठ्ठ्यापाशी मात्र हा सगळा भेदभाव संपतो, कारण तोवर पुतण्याच दमलेला असतो.

ओसाकाचा पट्टा न्यायी आहे, कबूल. पण “तुम्ही काही घेतलंच नाही!” असं तो कुणालाही म्हणणार नाही. म्हणून लग्नाकार्यात मी आधी पातेलं कुणाच्या हातात आहे ते बघतो, आणि चेहरा ओळखीचा दिसला की मगच त्या ओळीतलं पान धरतो.