मोरोक्को उपांत्य फेरीत

दोह्यातील अल थुमामा स्टेडियमवर आज, १० डिसेंबर २०२२ रोजी, झालेला फुटबॉल विश्वचषकाचा मोरोक्को-पोर्तुगाल उपांत्यपूर्व सामना घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहिला आणि अजून मन त्यातून बाहेर पडलेले नाही. ४२व्या मिनिटाला मोरोक्कोच्या युसूफ एन-नेसिरीने गोलरक्षकाच्या हातांपेक्षाही उंच झेप घेऊन डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला. त्यानंतर बचावफळीतले खंदे खेळाडू दुखापतींमुळे बाहेर असताना, आणि अखेरच्या मिनिटांत तर दहाच जण मैदानावर उरले असताना, मोरोक्कोने ती १-० अशी आघाडी प्राणपणाने राखली. विश्वचषकाची उपांत्य फेरी गाठणारा हा पहिला आफ्रिकी संघ.

क्लबला पैशाच्या बळावर जगभरातून खेळाडू आणता येतात. देशाला मात्र आपल्याच माणसांवर भागवावे लागते, आणि मला या स्पर्धांची ओढ आहे ती मुख्यतः यामुळेच. त्यातही मोरोक्कोची ही माणसे सातासमुद्रापार विखुरलेली. हकीमी माद्रिदमध्ये जन्मला, झियेश नेदरलँड्समध्ये, गोलरक्षक बोनो मॉन्ट्रियलमध्ये, पण खेळले ते आईवडिलांच्या देशासाठी. सामना संपल्यावर सोफियान बुफाल मैदानातच आईसोबत नाचू लागला, तेव्हा ऑफसाइडचा नियम ठाऊक नसलेल्या माझ्या आईनेही मनापासून टाळ्या वाजवल्या.

थोड्याच वेळात सुरू होणाऱ्या फ्रान्स-इंग्लंड सामन्यातील विजेत्याशी आता मोरोक्कोची गाठ पडेल. बुधवारी मध्यरात्रीनंतर साडेबाराला तो सामना आहे आणि दुसऱ्या दिवशी कामावर जायचे असले तरी मी तो पाहणारच.