काठी, बॅटरी आणि आस्तिक

कोकणात मिरग लागला की रात्री घराबाहेर पडायला तीन गोष्टी लागतात. एका हातात काठी, दुसऱ्या हातात बॅटरी आणि तोंडात आस्तिक. निदान आमच्या आजीची रीत हीच होती. गोठ्यात वासराला बघायला जायचं असो की पाखाडी उतरून शेजारी, ती पडवीच्या पायरीवर जरा थांबायची, चिऱ्यावर काठी आपटायची आणि 'आस्तिक आस्तिक काळभैरव' पुटपुटत निघायची. बॅटरीचा झोत कायम पावलाच्या पुढे हातभर. लांब आमराईत, झाडांच्या शेंड्यांवर तिने कधी बॅटरी मारली नाही. "तिकडे बघून काय करायचंय? चावणारं पायाशी असतं," म्हणायची.

मी मात्र ठाण्यात वाढलेली, त्यामुळे माझी बॅटरी सगळीकडे फिरायची. मला सापापेक्षा साप असेल या विचाराची भीती जास्त, आणि या दोन्हींत फार अंतर आहे. खरा साप एका वेळी एकाच जागी असतो. विचारातला साप चपलेत असतो, उशीखाली असतो, न्हाणीतल्या बंबामागे असतो आणि परत ठाण्याला आल्यावर चौथ्या मजल्यावरच्या बाथरूममध्येही असतो. खऱ्या सापासाठी सर्पमित्राला फोन करता येतो. या दुसऱ्यासाठी कोणाला करायचा?

आस्तिक कोण, हे मला आजीनेच सांगितलं. गोष्ट महाभारताच्या आदिपर्वातली, पण आजी ती गावातलीच असल्यासारखी सांगायची. परीक्षित राजाला शाप मिळतो, सातव्या दिवशी तक्षक दंश करणार. राजा लगेच कामाला लागतो. एका खांबावर उभा महाल बांधून घेतो. भोवती वैद्य, मांत्रिक, औषधी, पहारा. विष उतरवण्यात हुशार असा काश्यप नावाचा ब्राह्मण राजाला वाचवायला निघालेला असतो, त्याला तक्षक वाटेत गाठून धन देतो आणि परत पाठवतो. (आजी इथे थांबून "तेव्हापासून हे चालू आहे" असं म्हणायची.) सातवा दिवस मावळतीला येतो. तापसांच्या वेशातल्या नागांनी आणलेल्या फळात एक बारीक कीडा निघतो. राजा हसतो. सूर्य बुडत आलाय, आता कसली भीती, असं म्हणून तो कीडा स्वतःच मानेवर ठेवतो. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

मग मुलगा जनमेजय सर्पसत्र मांडतो, साप पटापट आगीत पडू लागतात. ते थांबवतो तो आस्तिक. बाप ऋषी, आई वासुकीची बहीण, म्हणजे त्याचं आजोळ नागांचं. तो यज्ञमंडपात जातो, राजाची स्तुती करून त्याला प्रसन्न करतो आणि वर म्हणून यज्ञ थांबवायला सांगतो. वाचलेल्या नागांनी शब्द दिला की जो ही कथा आठवेल त्याला आमच्यापासून भय नाही. आजीची त्या शब्दावर पूर्ण भिस्त होती.

ती आस्तिकाच्या बाजूची, पण मला जवळचा वाटतो तो परीक्षितच. तो एकखांबी महाल मी कितीदा बांधलाय! अंगणाभोवती फिनेल. खिडकीत लसणाच्या कुड्या. कोणीतरी सांगितलं म्हणून कार्बोलिक ॲसिड. त्या वासाने घरातलीच माणसं बाहेर येऊन बसली. यातल्या कशाने साप अडतो याला काही भक्कम आधार नाही. शिवाय इतकं सगळं केल्यावर माणूस निर्धास्त होऊन अंधारात अनवाणी चालत जातो, म्हणजे परीक्षितासारखा कीडा मानेवर ठेवून घेतो.

उपयोगी पडलं ते कंटाळवाणं होतं. घराच्या भिंतीला टेकून रचलेला लाकूडफाटा आणि नारळाच्या सोडणांचा ढीग लांब हलवणं, मोरीच्या तोंडाला जाळी, उंदीर होऊ न देणं. आणि मच्छरदाणी. मण्यार रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात येते, आणि तिचा दंश इतका हलका असतो की कित्येकदा झोपही मोडत नाही. सूज नाही, रक्त नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होऊन मिटू लागतात, आणि घरचे अपचन समजून ओवा देतात. मच्छरदाणीच्या कडा गादीखाली नीट खोचल्या की हा सगळा प्रसंग घडायचा वाव उरत नाही. त्यात मंत्र नाही, शौर्य नाही, पण मला पहिली निवांत झोप त्या जाळीत लागली.

मग ओळख करून घेतली. आपल्याकडे माणसं दगावतात ती बहुतांशी नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांमुळे, आणि सरकारी दवाखान्यात दंशानंतर मिळणारी लस या चौघांच्याच विषावर बनवलेली असते. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते. फुरसं जेमतेम दीड फुटाचं, सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर, दगडांच्या आडोशाला बसतं आणि अंगावर अंग घासून खरखर आवाज काढतं. आमच्या गडग्यातून, म्हणजे दगडी कुंपणातून, दिसायचे ते निम्मे साप बिनविषारी धामण, दिवड आणि नानेटी निघाले. नाव कळलं की प्राणी आपल्या मापाचा होतो. विचारातल्या सापाला मात्र माप नसतं.

आजीच्या मंत्राने साप जात होता का? साप जायचा काठीने. जमिनीतून येणारा कंप त्याला चांगला कळतो, आणि बहुतेक साप वाट सोडून देतात. मंत्राचं काम वेगळं होतं, हे मी तिच्या मागून चालताना पाहिलंय. 'आस्तिक आस्तिक' म्हणताना पळता येत नाही. शब्दाबरोबर काठी पडते, काठीबरोबर पाऊल, त्यामुळे डोळ्यांना बघायला वेळ मिळतो. घाबरलेला माणूस एक तर गोठतो नाहीतर धूम ठोकतो, आणि दोन्ही वेळा त्याला पायाखालचं दिसत नाही. आजीही घाबरायची, तिने ते कधी नाकारलं नाही. फक्त त्या भीतीला ती चालीत आणून सोडायची.

श्रद्धेचा हा उपयोग मला मान्य आहे. पान लागल्यावर, म्हणजे साप चावल्यावर, माणसाला देवळात झोपवून ठेवतात, तो नाही. मंत्राने उतरलं असं सांगणारे खोटं बोलतात असंही नाही, त्यांचा हिशेब चुकतो. सर्पदंशावरच्या आपल्याकडच्या उपचार-सूचनांत म्हटलंय की सुमारे ७० टक्के दंश बिनविषारी सापांचे असतात, आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. म्हणजे मांत्रिकाने नुसत्या जांभया दिल्या तरी बहुतेक रोगी उठून घरी जाणार. उरलेल्यांचं काय होतं ते गावात बोललं जात नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात दर वर्षी सरासरी ५८,००० माणसं सर्पदंशाने गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यातली बरीचशी दवाखाना गाठण्याआधीच. विंचवाचंही तसंच होतं. विंचू उतरवणारे गावोगावी होते, तरी लाल विंचवाने कोकणात माणसं मरत होती. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध त्यावर वापरून दाखवलं तेव्हा ते मरण आटोक्यात आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तोवर त्या औषधाने कितीतरी घरं वाचवली होती.

एका दिवाळीत गवत कापताना शेजारच्या काकूंच्या हाताला फुरसं चावलं. काकू ओरडत अंगणात आल्या आणि आजीने त्यांना आधी खाली बसवलं. "हात हलवू नकोस. काही होत नाही तुला, मी आहे." मग अंगठी काढली, आणि बांगड्या काढायला लागली. काकू त्याही अवस्थेत हात मागे घेऊ लागल्या, हिरव्या बांगड्या, घरात सण. आजी म्हणाली, "नवरा कुठे जात नाही, हात जाईल. आण इकडे." साबणाच्या पाण्याने एकेक बांगडी उतरवली, पंचाची झोळी करून हात गळ्यात अडकवला आणि जीप बोलावली. चिरा नाही, चोखणं नाही, दोरीने आवळणं नाही. पुढे मी सर्पदंशाच्या प्रथमोपचाराचा तक्ता वाचला, त्यात पहिलं काम लिहिलंय ते रुग्णाला धीर देण्याचं. हात न हलवणं, दवाखाना, सगळं त्याच्यानंतर. आजीने तक्ता कधी पाहिला नव्हता.

दवाखान्यात डॉक्टरांनी काकूंचं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेतलं आणि ती टेबलावर ठेवली. वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. रक्त गोठलं तर बरं, नाही गोठलं तर फुरशाचं विष अंगात भिनलंय. त्या वीस मिनिटांत डॉक्टरांनाही करण्यासारखं फार नव्हतं. काका रामरक्षा म्हणायला लागले. नर्सने एकदा पाहिलं आणि सलाइनची तयारी करत राहिली. मी नास्तिकपणाकडे झुकलेली, पण तिथे त्या आवाजाचा आधार मलाही वाटला. नळी तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. लस सुरू झाली. तिसऱ्या दिवशी काकू घरी आल्या, सुजलेला हात उशीवर ठेवून फराळाच्या सूचना देत.

गावातले पान उतरवणारे आजोबाही त्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून आले होते, हे सांगायचं राहिलं. गाडी येईपर्यंत त्यांनी मंत्राला सुरुवातच केली नव्हती. हल्ली ते असंच करतात. कोणी बोलवायला आलं की आधी "गाडी सांगितलीत का?" विचारतात, मग मंत्र वाटेत म्हणतात. धावत्या गाडीत मंत्र लागू पडतो का, असं मी विचारलं.

"पडतो. विचारून घेतलंय मी."

कोणाला विचारलं, ते काही त्यांनी सांगितलं नाही.